भूतानने जीडीपी मोजणं बंद केलेलं नाही

ऐरोलीतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘भूतानने जीडीपी रद्द केला, तिथे आता फक्त आनंद मोजतात.’ हे खरं नाही. भूतानचं सांख्यिकी कार्यालय जीडीपीचे, म्हणजे देशात वर्षभरात तयार झालेल्या वस्तू आणि सेवांच्या एकूण मूल्याचे, आकडे आजही दरवर्षी जाहीर करतं. ‘सकल राष्ट्रीय आनंद’ हा निर्देशांक त्याच्या जोडीला आहे. त्यात आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, वेळेचा वापर अशी ९ क्षेत्रं येतात.

मेसेजमागची तळमळ मात्र रास्त आहे. ठाणे खाडीचंच घ्या. कांदळवन तोडून भराव टाकला, की डंपरचं भाडं, सिमेंट, मजुरी सगळं जीडीपीत जमा होतं. भरतीचा जोर अडवणारी, दिवा कोळीवाड्यातल्या जाळ्यांना मासळी देणारी झाडं गेली, ती वजाबाकी त्यात कुठेच दिसत नाही. घरी रांधलेल्या जेवणाचंही तेच. पोळीभाजी केंद्रातून डबा आणला तरच ते काम मोजणीत येतं.

राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची पद्धत घडवणारे अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्येच अमेरिकी काँग्रेसला बजावलं होतं, की राष्ट्रीय उत्पन्नावरून देशाचं कल्याण जोखता येत नाही. २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने कांदळवनासारख्या परिसंस्थांचा हिशेब मांडण्याची पद्धत स्वीकारली. तीही जीडीपीच्या जोडीने वापरायची आहे.

मेसेज पुढे पाठवायचाच असेल, तर ‘भूतान जीडीपीच्या जोडीला आनंदही मोजतो’ असं दुरुस्त करून पाठवा.