‘प्रति’ म्हणजे नक्की कोणाच्या विरुद्ध?

१ मे जवळ आला की नागपुरात जुना वाद पुन्हा पेटतो. एकीकडे महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन, दुसरीकडे काळ्या फिती. विदर्भ राज्य मागणाऱ्यांना कोणी ‘वेगळेवादी’ म्हणतं, कोणी सरळ ‘फुटीर’. जर्मनीत बसून हे वाचताना राज्य हवं की नको यापेक्षा आधी हे शब्दच खटकतात. वेगळा म्हणजे कशापासून वेगळा? मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळाने १९३८ साली महाविदर्भाचा ठराव केला, तेव्हा आजचा महाराष्ट्र नव्हताच. राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये विदर्भाचं राज्य सुचवलं, तेव्हाही नव्हता. १९६० नंतर तीच मागणी ‘वेगळी’ ठरली. मागणी होती तिथेच राहिली, ओघ मात्र फिरला. ‘फुटीर’ म्हणणारा हा इतिहास एका शब्दात पुसून टाकतो.

इकडे जर्मनीत याचंच उलटं घडलेलं दिसतं. इथे शब्दच काठ बदलून गेले. पश्चिम बर्लिनमध्ये १९७८ साली डाव्या, पर्यावरणवादी, अणुऊर्जाविरोधी मंडळींनी आघाडी काढली. तिच्या नावातच ‘आल्टरनाटिव्ह’ होतं, म्हणजे पर्यायी. पुढे युरो संकटात सरकार आपल्या निर्णयांना ‘दुसरा पर्यायच नाही’ असं म्हणू लागलं, आणि त्यासाठीचा ‘आल्टरनाटिव्हलोस’ हा शब्द २०१० चा ‘वर्षातला सर्वांत वाईट शब्द’ म्हणून निवडला गेला. २०१३ मध्ये युरोविरोधी पक्ष निघाला, त्याने नाव घेतलं ‘जर्मनीसाठी पर्याय’. तो आज कडव्या उजव्या बाजूला उभा आहे. पस्तीस वर्षांत एक शब्द डाव्या काठावरून उजव्या काठावर गेला. ‘क्वेरडेंकर’ म्हणजे आडवा विचार करणारा. हा शब्द पूर्वी शाबासकीचा होता, नोकरीच्या जाहिरातींतही असायचा. २०२० मध्ये श्टुटगार्टहून निघालेल्या कोरोना-निर्बंधविरोधी आंदोलनाने तो घेतला आणि आता तो स्वतःबद्दल वापरताना लोक दोनदा विचार करतात. त्या शब्दांत ‘कशाच्या विरुद्ध’ हे कधीच लिहिलेलं नव्हतं. म्हणून कोणालाही ते उचलता आले.

मराठीत हा धोका ‘प्रति’ या उपसर्गात आहे, आणि तो अधिक खोल आहे. प्रतिकार, प्रतिस्पर्धी यांत प्रति म्हणजे विरुद्ध. प्रतिबिंब, प्रतिकृती यांत सारखेपणा. नागपूरजवळच्या धापेवाड्याला प्रतिपंढरपूर म्हणतात ते पंढरपूरला विरोध म्हणून नव्हे. नाना पाटलांचं साताऱ्याचं प्रतिसरकार दोन्ही अर्थांचं होतं: इंग्रजांच्या विरुद्ध, आणि त्यांच्या जागी न्यायनिवाडा करणारंही. तिसरा अर्थ नागपूर-वऱ्हाडच्या इतिहासात आहे. डिसेंबर १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने असहकारावर शिक्कामोर्तब केलं. त्यापासून बाजूला होत १९२६ साली अकोल्यात केळकर, जयकर, मुंजे यांचा प्रतिसहकार पक्ष उभा राहिला. आजचा वाचक हा शब्द ‘सहकाराला विरोध’ असा वाचेल. अर्थ नेमका उलट होता: सरकार जेवढं सहकार्य करील, तेवढं आपण करू. इथे प्रति म्हणजे ‘बदल्यात’. असहकाराच्या लाटेविरुद्ध गेलेल्या गटाच्या नावात लाटेचा उल्लेखच नाही.

म्हणून नवा प्रति-शब्द घडवताना एक कसोटी लावावी. प्रति काढून त्या जागी आधी ‘विरोधी’, मग ‘पर्यायी’, मग ‘बदल्यात’ ठेवून पूर्ण वाक्य वाचावं. दोन अर्थ बसत असतील तर तो शब्द सोडावा आणि चार शब्द जास्त लिहावेत. ‘प्रतिसंस्कृती’ इथेच नापास होते. १९६० नंतरच्या अमेरिकी तरुणांबद्दल लिहायचं तर पहिल्या उल्लेखात ‘प्रस्थापित राहणी नाकारणारी चळवळ’ असं लिहावं, पुढे नुसतं ‘ही चळवळ’ पुरतं. त्याच काळातल्या मराठी कवींनी आपल्या अंकांना ‘अनियतकालिक’ म्हटलं. विरोधाची घोषणा नाही, फक्त अंक ठरल्या तारखेला निघणार नाही एवढंच. तो शब्द अजून शाबूत आहे.

सर्वांत जास्त नुकसान ‘प्रतिक्रिया’ करते. एखाद्या समाजाला हक्क मिळाले आणि त्यांच्यावर हल्ले सुरू झाले, की बातमीत येतं, ‘तीव्र प्रतिक्रिया उमटली’. शाळेत शिकलेला क्रिया-प्रतिक्रियेचा नियम लगेच आठवतो, आणि हल्ला निसर्गनियमासारखा वाटू लागतो. करणारा गायब होतो. तिथे कोणी, कधी, काय केलं हे कर्त्यासह लिहायला हवं.

‘प्रति’ अचूक कसा वापरावा हे बाबासाहेबांकडून शिकावं. प्राचीन भारतातली क्रांती आणि प्रतिक्रांती या विषयावरचं त्यांचं अपुरं लेखन १९८७ मध्ये ग्रंथावलीच्या तिसऱ्या खंडात आलं. बुद्धाची क्रांती आधी सांगितली आहे, मग तिला उलटवणारी ब्राह्मणी सत्तेची प्रतिक्रांती. कशाच्या विरुद्ध, हा प्रश्न वाचकाला पडतच नाही. नाहीतर ‘प्रतिगामी’ आणि ‘पुरोगामी’ ही रोजची जोडी घ्या: पुढची दिशा कोणती हे न ठरवता दोन्ही शब्द फेकले जातात.

जर्मन इतिहासकारांनीही असाच गुंता सोडवला होता. सोळाव्या शतकातल्या कॅथलिक हालचालींना ते ‘गेगेनरेफॉर्मात्सिओन’ म्हणत, म्हणजे प्रोटेस्टंट धर्मसुधारणेविरुद्धची चळवळ. ह्युबर्ट येडिन यांनी १९४६ साली दाखवलं, की चर्चच्या आतून निघालेली सुधारणा त्या एका शब्दात बुडून जाते. त्यांनी दोन्ही शब्द ठेवले: आतल्या सुधारणेला एक, विरोधकांशी झालेल्या लढ्याला दुसरा. विदर्भाच्या वादातही हे जमेल. मागणीला ‘विदर्भ राज्याची मागणी’ म्हणावं, १ मे च्या निषेधाला ‘निषेध’. एकासाठी दुसऱ्याचं नाव वापरू नये.

आणि १४ ऑक्टोबर १९५६. बाहेरचे त्याला आजही ‘धर्मांतर’ म्हणतात, म्हणजे काहीतरी सोडून जाणं. दीक्षाभूमीवर येणारे ‘दीक्षा’ म्हणतात, आणि कित्येकजण काळजीपूर्वक ‘धम्मचक्र अनुप्रवर्तन’. पहिलं प्रवर्तन सारनाथला झालं होतं, म्हणून इथे ‘अनु’. देशातल्या सर्वांत मोठ्या प्रवाहाकडे पाठ फिरवणाऱ्या या लोकांनी आपल्या दिवसाच्या नावात ‘प्रति’ किंवा ‘विरोधी’ घातलं नाही. ‘मागोमाग’ असं घातलं.