‘ईसीजी नॉर्मल, मग होल्टर कशाला?’ देवगडच्या काकांना उत्तर

काका, छातीतल्या धडधडीवर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. “ईसीजी नॉर्मल आल्यावर होल्टर लावायला सांगणं म्हणजे माणसाला घाबरवून पैसे काढणं. मलाही कधीमधी धडधडतं, घटकाभराने थांबतं,” असं तुम्ही लिहिलंत. (होल्टर म्हणजे दिवसभर हृदयाचे ठोके टिपत राहणारं छोटं यंत्र.) निम्मं बरोबर आहे. “धडधडलं की थेट कोल्हापूर गाठा” हे माझं वाक्य आगाऊपणाचं होतं, खोडलं. मधूनच एखादा जादा ठोका पुष्कळांना पडतो आणि हृदय धडधाकट असेल तर त्याने सहसा काही बिघडत नाही.

पण ईसीजीबद्दल माझं म्हणणं तेच आहे. त्या कागदावर साधारण 10 सेकंदांचे ठोके असतात आणि दिवसात सेकंद असतात 86,400. साकवावरून क्षणभर डोकावलात, मासा दिसला नाही, म्हणून वहाळात मासेच नाहीत म्हणाल?

आमच्या आईचे तीन ईसीजी नॉर्मल आले होते. ‘वय झालं, गॅस असेल’ म्हणून घरी पाठवली. शेवटी एका डॉक्टरांनी होल्टर लावला: छातीला चिकटवलेल्या वायरी, कमरेला डबी, 24 तास. अंघोळ नाही म्हणून तिची दिवसभर कुरकुर. सोबत वही ठेवायची असते. नातवाने लिहिलं, ‘4.20, विहिरीवर, धडधड’. नेमकं त्याच वेळी एट्रियल फिब्रिलेशन सापडलं. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. तिथे रक्त साकळून गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली, तर अर्धांगवायू. हा धोका इतरांच्या सुमारे 5 पट धरतात. मला भीती धडधडीची नाही, याची आहे.

गंमत म्हणजे मूळ हृदयात नव्हतंच. रक्त तपासलं तर थायरॉइड ग्रंथी जादा काम करत होती. कुणाला रक्तदाब असतो, कुणाची झडप लहानपणच्या सांधेतापाने खराब झालेली, कुणाची दारू.

पैशांचं म्हणाल तर पहिली तपासणी फुकट आहे. धडधड चालू असतानाच मनगटावर तीन बोटं ठेवा आणि पूर्ण मिनिट मोजा. स्वस्थ बसलेलं असताना 60 ते 100 ठीक. ठोके जलद पण तालात आहेत, की तालच नाही, ते लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. जमलं तर तेव्हाच जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढा. शुद्ध हरपली, छातीत दुखलं किंवा दम लागला तर मात्र मोजत बसू नका, 108 ला फोन लावायला सांगा.

आणि तुमच्या त्या ‘घटकाभराने’पाशी मी अडकलोय. घटका म्हणजे 24 मिनिटं. खरंच तेवढा वेळ धडधडतं, की दोन-चार ठोके? तेवढं कळवा.