पीओचं मागचं पान

परवा भोसरीत टपरीवर एक ओळखीचा भेटला, नवीनच व्हीएमसी (धातूचे पार्ट कापणारं कॉम्प्युटरवालं मशीन) घेतलीय त्याने, एकदम खुशीत, म्हणाला मोठी ऑर्डर लागली. म्हटलं पीओ, म्हणजे परचेस ऑर्डर, दाखव. मोबाईलवर पीडीएफ उघडली, रेट, क्वांटिटी, डिलिव्हरी डेट सगळं तोंडपाठ. म्हटलं अजून खाली सरकव की. तर म्हणे खाली काय, नेहमीच्या टर्म्स-कंडिशन्स असतात त्या.

त्या 'नेहमीच्या' मला एकदा तीन लाख ऐंशी हजारांना पडल्यात म्हणून लिहितोय.

२०२१ ची गोष्ट. पार्टी बाहेरच्या राज्यातली, नाव घेत नाही. ब्रॅकेट बनवून पाठवले, बिल ७ लाख ६० हजारांचं, डिलिव्हरी चलनावर स्टोअरवाल्याचा सही-शिक्का, सगळं ओके. मग पेमेंटसाठी फोन सुरू, आज साहेब नाहीत, उद्या अकाउंटवाला रजेवर, असं करत पाच महिन्यांनी थेट डेबिट नोट (बिलातून पैसे कापल्याचा कागद) आली, माल रिजेक्ट! भांडायला फोन केला तर शांतपणे म्हणतो, पीओचं शेवटचं पान बघा. बघितलं, आयुष्यात पहिल्यांदाच. पेमेंट त्यांच्या कस्टमरने पैसे दिल्यावर ९० दिवसांनी, रिजेक्शन कधीही, आणि वाद झाला तर कोर्ट त्यांच्या गावचं. धंदा सोडून तिकडे तारखांना कोण जाणार, निम्म्यावर तोडलं.

चूक त्यांची होतीच, पण सही माझी होती.

नंतर वकिलाकडे गेलो तर त्यांचा पहिला प्रश्न, उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का? नव्हतं. फुकट होतं, ऑनलाइन होतं, पण 'करू सावकाश' चाललेलं. मग त्यांनी सांगितलं ते ऐकून जास्तच जळजळ झाली. २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायदा म्हणतो की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं पेमेंट, कागदावर काहीही लिहा, ४५ दिवसांच्या पुढे जात नाही, आणि लेखी काही ठरलंच नसेल तर १५ दिवस. उशीर केला तर आरबीआयच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. आणि मालाची तक्रार असेल तर खरेदीदाराने १५ दिवसांत लेखी कळवायची, नाहीतर माल पोचला त्याच दिवशी तो स्वीकारला असं धरून पुढचे दिवस मोजायचे. पाच महिन्यांनी जाग आलेल्यांचं काय ते समजा.

पार्टी देशात कुठेही असो, अर्ज आपल्या राज्यातल्या सुविधा परिषदेकडे (याच कायद्याखाली थकलेल्या पेमेंटचे वाद ऐकणारी) करता येतो. ९० दिवसांत निकाल असं कायद्यात आहे, प्रत्यक्षात जास्त लागतात, पण निकालाविरुद्ध कोर्टात जायचं तर समोरच्याला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, तिथे भलेभले टेबलावर येतात. (नुसतं ट्रेडिंग करणाऱ्यांना हे मिळत नाही बरं का.) त्यात आता इन्कम टॅक्सचा नियम आलाय, मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पेमेंट होईपर्यंत वजा मिळत नाही, त्यामुळे मार्च आला की परचेसवाले स्वतःहून उद्यम सर्टिफिकेट मागतात. काही जण उलट उद्यम नसलेला व्हेंडर शोधतात, तेही बघितलंय.

पण खरा घोळ कायद्यात नाही, आपल्या भिडस्तपणात आहे. एवढी ओळख असताना लिहून काय मागायचं, साहेबांना वाईट वाटेल, ऑर्डर जाईल. मी त्यानंतर सात-आठ जणांना मेल टाकला की अमुक कलम मान्य नाही, ४५ दिवस करा. ऑर्डर गेली एकच. आणि हा मेल काम सुरू करायच्या आधी टाकायचा, गुपचूप माल पाठवला की त्यांच्या अटी मान्य केल्या असंच धरलं जातं. फोनवर काही ठरलं तरी लगेच 'आत्ता बोललो त्याप्रमाणे' म्हणून दोन ओळी टाका. आणि दर मार्चला बाकीच्या रकमेवर त्यांची सही घ्या, वसुलीच्या दाव्याची मुदत ३ वर्षांची असते, मुदत संपायच्या आत लेखी कबुली मिळाली की त्या तारखेपासून पुन्हा ३ वर्षं.

टपरीवरच्या पीओत पण तेच निघालं, 'कस्टमरचं पेमेंट आल्यानंतर'. तिथेच त्याच्याकडून मेल टाइप करून घेतला. सेंडवर अंगठा धरून म्हणतो, दादा, ऑर्डर गेली तर? चहा गार झाला पण केला एकदाचा सेंड.

संध्याकाळी त्याचा मेसेज आला, ते विचारतायत ६० दिवस चालतील का, काय सांगू?

म्हटलं परत ४५ लिही.