श्रेय पतीचे आणि दोष मात्र त्यांचा?

सप्रेम नमस्कार.

थिआ फॉन हार्बू या जर्मन कादंबरीकार आणि पटकथाकार बाईंवरील माझ्या लेखाला आपण दोन आक्षेप घेतले आहेत. 'मेट्रोपोलिस' या जर्मन मूकपटाचे मोठेपण सर्वस्वी दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांचे असून बाईंनी पतीच्या कल्पना फक्त कागदावर उतरवल्या, हा पहिला. आणि नाझी पक्षात गेलेल्या लेखिकेचा गौरव करणे अनुचित आहे, हा दुसरा. दुसऱ्यामागचा संताप मला पूर्णपणे मान्य आहे, परंतु चांगल्या कामाचे श्रेय पतीला द्यायचे आणि वाईटाचा जाब मात्र त्यांना एकटीला विचारायचा, हा न्याय मला पटत नाही.

लांग यांच्याशी त्यांचा विवाह १९२२ मध्ये झाला. हिंदुस्थानी महाराजाच्या सूडाची 'दास इंडिशे ग्राबमाल' ही त्यांची कादंबरी १९१८ चीच. योए माय यांनी १९२१ मध्ये तिच्यावर चित्रपट काढला, तेव्हा पटकथेत लांग यांचा वाटा असूनही दिग्दर्शन त्यांच्या हाती आले नाही. पुढे १९३३ मध्ये घटस्फोट झाला, १९५४ मध्ये बाई वारल्या, आणि त्यानंतर अमेरिकेहून जर्मनीत परतलेल्या लांग यांनी १९५९ साली तीच कथा दोन भागांत पडद्यावर आणली. नुसत्या लेखनिकाच्या गोष्टीकडे कोणी चार दशकांनी असे वळत नाही. डोके आणि हात यांच्यामध्ये हृदयच मध्यस्थ हवे, हे 'मेट्रोपोलिस'चे सूत्र हार्बू यांचे, असे लांग म्हणत; मात्र चित्रपट आपण केला, तेव्हा निदान निम्मी जबाबदारी आपली, हेही त्यांनीच सांगून ठेवले आहे.

आता दुसरा आक्षेप. बेळगावजवळच्या बेळगुंदीचे पत्रकार आयी तेंडुलकर यांच्याशी त्यांनी गुपचूप लग्न केले होते, आणि हिंदुस्थानी लोकांना मदत करता यावी म्हणून आपण पक्षात गेलो, असे त्या युद्धानंतर सांगत. मराठी वाचक म्हणून हे वाचताना मन हळवे होते, म्हणूनच इथे अधिक सावध राहायला हवे. सर्वाधिकारी नेत्याचा उदोउदो करणाऱ्या 'डेर हेर्शर' या १९३७ च्या चित्रपटाच्या पटकथेवर त्यांचे नाव आहे, आणि त्याला कुणाच्या मदतीची सबब पुरत नाही. तो चित्रपट मी लेखात एका वाक्यात उरकला, ही माझी चूक झाली. त्यावर स्वतंत्र परिच्छेद घालतो आहे. 'मेट्रोपोलिस'च्या लेखिका म्हणून केलेला त्यांचा उल्लेख मात्र तसाच राहील.