दोन्ही चांगल्या, हीच पंचाईत

वाईट गाडी सोडून देणं सोपं असतं. तिचे दोष लोकच मोजून हातात देतात, आपण फक्त मान डोलवायची. दोन्ही गाड्या चांगल्या निघाल्या की मात्र घोडं पेंड खातं. मला गाडी हवी होती ती पुन्हा म्हणून शोरूमची पायरी चढावी लागू नये अशी. पंधरा वर्षं तरी विनातक्रार चालणारी. ही अट घातल्यावर माझ्यापुरती बाजारातली गर्दी ओसरली आणि समोर दोनच नावं उरली, टोयोटा आणि होंडा. गर्दी होती तेव्हा मी सुखात होतो.

आधी माणसांना विचारून पाहिलं. आमचे मामा टोयोटावाले. त्यांना म्हटलं, "मामा, इतकी वर्षं गाडी वापरताय, अनुभव सांगा." मामा म्हणाले, "अरे, काही झालंच नाही!" वरच्या मजल्यावरचे काका होंडावाले. त्यांचाही अनुभव हाच, काही झालंच नाही. दोघांकडेही सांगण्यासारखी एकसुद्धा गोष्ट नव्हती आणि दोघांनीही ती मला तासभर सांगितली. शेवटी मेकॅनिकला गाठलं. त्याने हात पुसत एका वाक्यात निकाल दिला, "साहेब, दोन्ही गाड्या आमच्या धंद्याला वाईट." याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही, पण त्याने माझा गुंता रेसभरही सुटला नाही.

मग मी दोष शोधायला बसलो. एखाद्या कंपनीचं एखादं पाप हाती लागलं की मला जो आनंद व्हायचा, तो सभ्य माणसाला शोभणारा नव्हता. टोयोटाने २००९-१० मध्ये लाखो गाड्या परत बोलावल्या होत्या. काहींत पायाखालची मॅट सरकून ॲक्सिलरेटरच्या पेडलमध्ये अडकत होती, काहींत पेडलच चिकटत होतं. चला, होंडा घेऊ! दुसऱ्या दिवशी वाचलं की होंडाच्या छोट्या टर्बो इंजिनांत, थंड प्रदेशांत आणि जवळच्या फेऱ्यांत, पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरत असल्याच्या तक्रारी होत्या आणि कंपनीला वॉरंटी वाढवून द्यावी लागली होती. चला, टोयोटा घेऊ! सदोष एअरबॅगच्या प्रकरणात तर दोघांचंही नाव निघालं, कारण दोघांनाही एअरबॅग पुरवणारी कंपनी एकच होती, ताकाता. असं फिट्टंफाट होत राहिलं. यातून कळलं इतकंच की भरवशाची गाडी म्हणजे जिचे दोष शोधायला रात्री जागावं लागतं ती.

दोष संपल्यावर मी यंत्राकडे वळलो. हे वळण धोक्याचं असतं, कारण त्यानंतर घरातलं कुणी आपल्याशी जेवताना बोलत नाही. इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवायला टायमिंग बेल्ट की टायमिंग चेन? बेल्ट रबराचा, तो ठरावीक किलोमीटरनंतर किंवा वर्षांनंतर बदलावाच लागतो. बऱ्याच इंजिनांत तो तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भिडतात आणि इंजिन कामातून जातं. चेन वेळेवर ऑइल बदलणाऱ्याकडे सहसा इंजिनाच्या वयाची होते. मी मोठ्या आशेने दोन्ही पत्रकं उघडली. मी पाहत होतो त्या दोन्ही चार सिलिंडरवाल्या इंजिनांत चेन!

हायब्रिडमध्ये, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीत, तरी फरक सापडेल म्हटलं, आणि सापडलाही. टोयोटाने ग्रहमालेसारख्या फिरणाऱ्या दातेरी चाकांच्या एका संचावर सगळी मदार ठेवली आहे. इंजिन आणि दोन मोटर जनरेटर त्या संचाला जोडलेले, कुणी किती जोर लावायचा ते संगणक ठरवतो. १९९७ च्या प्रियस गाडीपासून मूळ कल्पना तीच. होंडाचा मार्ग वेगळा. गावातल्या वेगाला इंजिन बहुतेक वेळ नुसती वीज तयार करतं आणि चाकं फिरवते मोटर. मोकळ्या रस्त्यावर वेग धरला की क्लच लागतो आणि इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. दोघेही या व्यवस्थेला ई-सीव्हीटी म्हणतात, आणि नेहमीच्या सीव्हीटीत, म्हणजे पायऱ्या नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरमध्ये, झिजण्याची धास्ती असलेला जो पट्टा असतो तो दोन्हीत नाही. म्हणजे दोघे वेगवेगळ्या वाटांनी निघाले आणि जी वस्तू बिघडू शकते ती गाडीत ठेवायचीच नाही, याच मुक्कामाला पोचले. हे मी बायकोला कागदावर आकृती काढून समजावलं. ती म्हणाली, "मग कुठलीही घे." लोकांना आकृती काढून दाखवू नये.

यंत्र फितूर झाल्यावर मी इतिहासाला शरण गेलो. घराणी तपासू, कुठेतरी फरक असेलच! तर टोयोटाचे मूळपुरुष साकिची टोयोडा मागवाले. धागा तुटला की आपोआप थांबणारा माग त्यांनी केला. सोइचिरो होंडा लोहाराचा मुलगा, हाताला काळं लावून घेणारा, शर्यतींचा वेडा. म्हटलं, सापडलं! एकीकडे चूक होताच थांबणारे, दुसरीकडे थांबणं ठाऊक नसलेले. पण दोघांची जन्मगावं जपानच्या शिझुओका प्रांतात, जवळजवळची. आणि पुढे तर कपाळाला हातच लावला. होंडा कंपनी निघण्याआधी हे सोइचिरो पिस्टन रिंग बनवायचे, आणि त्या विकायला गेले कुणाकडे? टोयोटाकडे! टोयोटाने ५० रिंग तपासल्या, त्यांतल्या फक्त ३ पास झाल्या. गृहस्थ खचले नाहीत, विद्यापीठं आणि पोलादाचे कारखाने पालथे घालून उत्पादनाचं तंत्र शिकून आले आणि रिंग पास करून घेतल्या. पुढे त्या कारखान्यात टोयोटाचा ४० टक्के हिस्सा झाला आणि युद्ध संपल्यावर सोइचिरोंनी उरलेलाही टोयोटाच्याच घरात विकून टाकला. होंडा मोटर कंपनी उभी राहिली ती त्यानंतर, १९४८ मध्ये. म्हणजे मी ज्यांच्यात भांडण लावायला बसलो होतो, त्यांचा व्यवहार माझ्या जन्माच्या कितीतरी आधी मिटलेला होता.

टिकाऊपणाचा शेवटचा पुरावा म्हणून मी दहा लाख मैलांचे किस्से काढले. १९९० ची एक होंडा अकॉर्ड दहा लाख मैल, म्हणजे सोळा लाख किलोमीटर धावली. २०११ मध्ये कंपनीने मालकाचा सत्कार केला आणि नवी अकॉर्ड भेट दिली. २००७ च्या एका टोयोटा टुंड्रा ट्रकनेही तेवढीच मजल मारली. कंपनीने २०१६ मध्ये तो ट्रक अभ्यासासाठी परत नेला आणि मालकाला नवा दिला. इथेही बरोबरी! शिवाय जन्मभर गाडी बदलली नाही याचं बक्षीस म्हणून दोघांनाही गाडी बदलावी लागली. एका मालकाचा तर जुना सोबतीच कापाकापीला गेला.

अखेर बायको मला ओढतच शोरूममध्ये घेऊन गेली. तिने बॉनेट उघडायला लावलं नाही, मायलेज विचारलं नाही. एका गाडीत बसली, उतरली. दुसरीकडे जाऊन तिच्यात बसली, उतरली. मग मला म्हणाली, "पंधरा वर्षं ठेवायची म्हणतोस ना? एकीत नुसतं बसता येतं. दुसरीत आधी खाली जावं लागतं आणि मग दाराला धरून वर यावं लागतं. गाडी टिकेल रे, आपले गुडघे टिकतील का?"

मी गप्प झालो. इंजिनाचं, गिअरचं, बॅटरीचं आयुष्य मी वहीत मांडलं होतं. गुडघ्यांचा रकानाच नव्हता. आणि त्यांच्याबाबतीत आधीच्या वापरकर्त्यांचे, म्हणजे आमच्या मामांचे अनुभव चांगले नाहीत.

बुकिंग झालं. कुठल्या गाडीचं ते इथे लिहीत नाही, कारण मामा आणि काका दोघेही माझं सगळं वाचतात, आणि सध्या आपलंच ऐकलं या समजात दोघेही खूश आहेत.

सह्या उरकल्यावर विक्रेत्या मुलाने आणखी एक कागद पुढे सरकवला. "सर, वाढीव वॉरंटी घेऊन ठेवा. नंतर काही झालं तर?"

"पण हिला काही होत नाही, असं तुम्हीच सांगितलंत ना?"

"होतच नाही, सर!" तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "पण झालं तर?"

मी त्याच्याकडे विचार करायला मुदत मागितली. बायको तोपर्यंत बाहेर निघून गेली होती.