‘या’ तालुक्याचं नाव काय?

आमच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: मथळा वाचून बातमी उघडावीशी वाटली की ते क्लिकबेट, म्हणजे क्लिकसाठी लावलेलं आमिष; मजकूर खरा असेल तर तक्रार नको; जुन्या पेपरांत असलं काही नव्हतं; आणि लोक उघडतात म्हणूनच हे लिहिलं जातं. पहिली दोन वाक्यं एकमेकांनाच खोडतात, ते असो.

उघडावीशी वाटली म्हणजे क्लिकबेट? 2018 च्या जुलैत गोव्यात मडगावच्या घाऊक मासळी बाजारात अन्न व औषध प्रशासनाने तपासणी केली आणि मासळीत फॉर्मेलिन (मृतदेह टिकवायला वापरतात ते रसायन) असल्याची बातमी पहिल्या पानावर आली. कित्येक घरांत हुमण, म्हणजे माशांची आमटी, बंद झालं. पुढे प्रमाण मर्यादेत असल्याचं सांगितलं गेलं, त्यावरून निराळंच रण माजलं. तरी काय सापडलं, कुठे सापडलं, हे मथळ्यातच कळत होतं. खळबळजनक बातमीचा मथळा खळबळजनकच असणार.

‘मजकूर खरा ना, मग झालं’ हे तर मला मुळीच पटत नाही. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. गोव्यातच, डिचोलीला वहिनी सकाळी मुलाचा डबा भरत होती. मोबाइलवर आलं: ‘मुसळधार पाऊस! ‘या’ तालुक्यातील शाळांना आज सुट्टी’. पिठाच्या बोटानेच उघडलं. आधी रमीची जाहिरात, मग ‘गेल्या काही दिवसांपासून पावसाने जोर धरला आहे’, मग पुन्हा जाहिरात. तळाला तालुका निघाला दोडामार्ग, सीमेपलीकडचा, महाराष्ट्रातला. बातमीतलं अक्षर न् अक्षर खरं. पण ‘दोडामार्ग’ मथळ्यात लिहिलं असतं तर डिचोलीतल्या कुणी ती उघडली असती? ‘या’ला अवतरणचिन्हं घालून गाळलेला तो एक शब्द, तीच गरी. फेसबुकने 2016 मध्ये असे मथळे मागे ढकलायचं ठरवलं तेव्हा दोनच गोष्टी पाहिल्या: गरजेची माहिती मुद्दाम दडवली आहे का, आणि मथळा फुगवून वाचकाची दिशाभूल केली आहे का. खरं-खोटं हा प्रश्न त्यानंतरचा.

जुन्या पेपरांबद्दल थोडक्यात. न्यूयॉर्कच्या ‘सन’ने 1835 मध्ये चंद्रावर वटवाघळासारखी पंखवाली माणसं दिसल्याचं छापलं होतं. म्हणजे थापा जुन्याच. फरक एवढाच की पेपर एकदा विकत घेतला की आतल्या प्रत्येक बातमीसाठी वेगळा गळ टाकावा लागत नसे. आता पान उघडलं की जाहिरात मोजली जाते, म्हणून प्रत्येक बातमीला आपला आपला गळ लागतो.

राहिला वाचकाचा दोष. ‘कारण वाचून थक्क व्हाल’वर बोट ठेवणाऱ्याला हवं तर हसा, मीही ठेवलंय. पण मुलाला शाळा आहे की नाही हे बघणाऱ्या बाईला चटक लागलेली नसते. वहिनी तळापर्यंत पोचली तेव्हा बालरथ, म्हणजे शाळेची बस, दाराशी हॉर्न वाजवत होता, आणि पोरगा सुट्टी समजून परत पांघरुणात शिरला होता.