हबलचा आरसा इंच-मिलिमीटरच्या घोळात बिघडला? अहो, नाही!

परत तोच फॉरवर्ड फिरतोय: नासाने हबल या अंतराळातल्या दुर्बिणीचा आरसा बनवताना इंच आणि मिलिमीटरमध्ये घोळ घातला, टेस्ट न करताच वर पाठवला, मग अंतराळवीरांनी जाऊन आरसा बदलला. तीन वाक्यं आणि अडीच थापा.

इंच-मिलिमीटरवालं प्रकरण हबलचं नाहीच. ते १९९९ च्या मार्स क्लायमेट ऑर्बिटर या मंगळयानाचं, तिथेही भानगड पाउंड आणि न्यूटनची होती. कोणीतरी दोन किस्से एकत्र कालवलेत.

हबलचा २.४ मीटरचा आरसा पर्किन-एल्मर कंपनीने डॅनबरीत घासला. आकार बरोबर येतोय का ते बघायला नल करेक्टर नावाचं यंत्र वापरतात, त्यात दोन छोटे आरसे आणि एक भिंग. भिंगाचं अंतर ठरवायला एक दांडी होती, तिच्या टोकावर लेझर मारून माप घ्यायचं. दांडीवर भोक असलेली टोपी, टोपीवरून उजेड परत येऊ नये म्हणून तिला कोटिंग. ते कोटिंग एका जागी उडालेलं, लेझर दांडीऐवजी टोपीवरूनच परत आला आणि भिंग १.३ मिलिमीटर चुकलं. बरं, भिंग हव्या त्या जागी बसेना तेव्हा कोणाला शंका यावी की नाही, तर नाही, साधे वॉशर घालून बसवलं! मग त्या खोट्या मापाला आरसा अगदी चोख घासला गेला, कडेला साधारण २ मायक्रॉन जास्त सपाट, म्हणजे केसाच्या जाडीचा पन्नासावा भाग.

टेस्ट केलीच नाही हे अर्धंच खरं. पूर्ण टेलिस्कोप जोडून एकत्र टेस्ट केली नाही हे कबूल, खर्च वाचवला. पण आरशाच्या दुसऱ्या दोन टेस्टमध्ये चूक दिसली होती हो! आपलं मेन यंत्रच जास्त अचूक म्हणून ते रिझल्ट बाजूला टाकले. मला तर हे टेस्ट न करण्यापेक्षा वाईट वाटतं.

आणि आरसा बदलला? आठशे किलोच्या वरचं धूड आहे ते, स्पेसवॉकमध्ये बदलणार कसं? कोडॅकने बनवलेला बरोबर आकाराचा जादा आरसा होता, पण तो जमिनीवरच राहिला. चूक सगळीकडे एकसारखी होती म्हणून तिच्या उलट आकाराचे छोटे आरसे चालले. डिसेंबर १९९३ मध्ये एंडेव्हर यानातून अशा छोट्या आरशांची कोस्टार नावाची पेटी आणि नवा कॅमेरा नेऊन बसवले. पुढच्या यंत्रांमध्ये दुरुस्ती आतच होती, त्यामुळे २००९ मध्ये कोस्टारही काढून खाली आणलं. आरसा मात्र १९९० ला वर गेलेला तोच, चुकीचा घासलेला.